पसरणी चढून, केळघर उतरून

डिसेंबरात पहाटे वाईत बोटं गारठतात. ढोल्या गणपतीसमोर कृष्णेच्या घाटावर अंधारच होता, पण टपरीवरचा चहा उकळत होता. सायकलवरचा बेत असा: पसरणी घाटाने पाचगणी, मग महाबळेश्वर, केळघर घाट उतरून मेढा, सातारा आणि महामार्गाने परत वाई. सगळे मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सोबत कुणी नको, हे आधीच ठरवलं होतं. चढावर दोघींचा वेग कधी जुळत नाही. एक पुढे जाऊन कुडकुडत थांबते आणि दुसरी तिला गाठायला उगाच जीव काढते.

पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. ते मागे पडलं की घाट सुरू. वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास, पाचगणी १,३००च्या जवळ आणि मधलं अंतर बारा-तेरा किलोमीटर. चढ अंगावर येत नाही, पण उसंतही देत नाही. सगळ्यात हलका गिअर टाकायचा आणि धाप लागणार नाही एवढाच जोर लावायचा. डावीकडच्या वळणाला आतल्या कडेने गेलं की रस्ता एकदम उभा होतो, म्हणून मागे गाडी नाही हे बघून जरा बाहेरून वळायचं. अर्ध्यावर थांबून पाणी प्यायले. खाली धोमचं पाणी धुक्यात होतं. माकडांचा डोळा माझ्या गूळ-शेंगदाण्यांवर.

पाचगणी ते महाबळेश्वर रस्ता खाली-वर होत राहतो आणि पर्यटकांच्या गाड्या हॉर्न थांबवत नाहीत. कडेच्या मळ्यांत मल्चिंग पेपरवर स्ट्रॉबेरी लालसर होऊ लागली होती. गावात मी थांबलेच नाही.

केळघर घाट मात्र एकटीने उतरावा असाच आहे. वाहनं तुरळक, खाली जावळीचं खोरं. कृष्णा आणि वेण्णा दोघी वर महाबळेश्वरातच उगम पावतात. सकाळी पहिलीच्या खोऱ्यातून चढले, दुपारी दुसरीच्या खोऱ्यात उतरत होते. साताऱ्याजवळ माहुलीला त्या एकमेकींना भेटतात. ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापते, म्हणून दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तरी मनगटं भरून आली आणि रबराचा जळका वास येऊ लागला. रिमला बोट लावून बघितलं आणि झटकन मागे घेतलं. रिम निवेपर्यंत कठड्यावर बसले.

गवताचा भारा घेऊन एक आजी आल्या. भारा टेकवून त्यांनी सायकल खालून वरपर्यंत न्याहाळली.

"कुठनं आलीस गं?"

"वाईहून."

"येस्टी बंद हाय का?"

नाही म्हटल्यावर त्या विचारात पडल्या. "आन् एकलीच?" त्यांचा ल्योक नवी मुंबईला, मार्केटात माथाडी. सणाला येतो तोही गाडी करून. त्यांच्या मते डोंगरात पायाने हिंडायचं ते गुरांमागं. वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. भारा त्यांच्या डोक्यावर चढवायला हात लावला तेव्हा कळलं, माझ्या सायकलीपेक्षा तो बराच जड होता.

मेढ्यात मिसळ खाल्ली, कण्हेर धरणाचं पाणी बघत साताऱ्याकडे निघाले. सगळे घाटाला घाबरवतात. मला जेरीस आणलं ते साताऱ्यानंतरच्या सपाट रस्त्याने. घाटाचा माथा कुठे आहे हे ठाऊक असतं, समोरच्या वाऱ्याला माथा नसतो. डावीकडे वैराटगड, उजवीकडे चंदन-वंदन, आणि कितीही पायडल मारलं तरी दोन्ही जागचे हलेनात.

तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर पुढे गेला. त्याच्या ट्रॉलीच्या आडोशाला लागले आणि वारा बंद. शहाणपणाचं काम नव्हे हे. त्याने ब्रेक मारला असता तर थेट उसातच. म्हणून दोन हात अंतर ठेवून, नजर ट्रॉलीच्या चाकावर. पाचवडच्या अलीकडे ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून बघितलं, वेग कमी केला आणि ओरडून विचारलं, "ताई, दोरी देऊ का?"

हसून नको म्हटलं आणि पाचवडला वाईच्या रस्त्याला वळले.