साडेतीन इंचांची ओळख

"मराठी घेतलंयस ना? मग चार ओळी लिहून दे," असे म्हणून बाबांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. त्यांना व्हिजिटिंग कार्ड छापायचे होते! बावीस वर्षे ज्यांनी एका कारखान्याच्या फाटकावर केवळ नंबराने हजेरी लावली, त्यांना आता नावाचे कार्ड हवे होते. दोन वर्षांपूर्वी कारखान्याने त्यांना घरी बसवले. तेव्हापासून पडवीत बसून ते विजेच्या मोटारी दुरुस्त करतात, जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग करून देतात.

कार्ड म्हणजे साडेतीन इंच लांब नि दोन इंच रुंद कागद. पंधरा मिनिटांचे काम, असे मला वाटले. त्याला चार संध्याकाळी लागल्या.

नावापासूनच अडले. मी आधी 'श्री.' लिहिले, मग खोडले. श्री दुसऱ्याने लावायची असते. आपण आपल्यालाच कशी लावणार?

मग पत्ता. मुक्काम साजगाव, तालुका खालापूर, जिल्हा रायगड. आजोबांच्या जुन्या कागदांवर 'जिल्हा कुलाबा' आहे. रायगड हे नाव १९८१ साली आले. शेजारच्या खोपोलीला १८५६ साली आगगाडी पोचली, तेव्हा साहेबाने तिचे 'कॅम्पोली' करून टाकले होते. गाव तेच राहते, कागदावरचे नाव बदलत जाते. पण मोटार खांद्यावर घेऊन आलेल्या माणसाला जिल्ह्याशी काय कर्तव्य? त्याला खूण हवी. आमच्याकडची खूण एकच : बोंबल्या विठोबाचे देऊळ.

ते लिहिताना मात्र माझा हात अडखळला. शहरातले लोक हसतील, असे वाटले. बाबा म्हणाले, "हसू देत. घर सापडेल ना?"

देवाच्या या नावाची कथा आमच्याकडे घरोघर सांगतात. तुकोबा देहूहून कोकणात मिरच्या विकायला आले. लोकांनी माल उधार नेला आणि पैसे देईनात. तुकोबांना मागवेना. तेव्हा विठोबा स्वतः बोंब मारीत वसुलीला फिरला! कार्तिकातल्या यात्रेत सुक्या बोंबलांचा मोठा बाजार भरतो, म्हणून हे नाव पडले, असेही कोणी म्हणतात. काही असो, पंढरीच्या राण्याला हे नाव चालते, तर आमच्या कार्डाला का चालू नये?

खरी कसोटी पुढे होती : कामाची ओळ. मी ऐटीत लिहिले, 'सर्व प्रकारच्या मोटारींचे तज्ज्ञ'. कारखान्याचा उल्लेख मुद्दामच गाळला. ज्यांनी घरी बसवले, त्यांची आठवण तरी कशाला?

बाबांनी चष्मा लावून कागद वाचला. कानावरची पेन्सिल काढून 'तज्ज्ञ' खोडले. मग 'सर्व प्रकारच्या' खोडले नि लिहिले, '५ हॉर्सपॉवरपर्यंत'. "बोअरवेलमधल्या मोटारीचं काम मला येत नाही. कार्ड बघून माणूस लांबून यायचा, मग त्याला परत पाठवू?" शेवटी त्यांनी खाली एक ओळ वाढवली : 'कारखान्यातील २२ वर्षांचा अनुभव'. नाव कोणाचेच नाही.

"बाबा, ते कशाला?"

"राग छापू नये. पण बावीस वर्षं कशी पुसू?"

मी गप्प झाले. त्यांना मोठे करण्यासाठी मी जे घातले होते, ते त्यांना लहान करणारे होते. आणि जे गाळले होते, तीच त्यांची कमाई होती. बायोडाटा लिहिताना आपणही हेच करतो की काय, असे तेव्हापासून सारखे वाटते.

छापखान्यातला मुलगा म्हणाला, "काका, मागे पैसे घ्यायचा क्यूआर कोड टाकू?" बाबांनी मान हलवली. मागची बाजू त्यांनी कोरीच ठेवायला सांगितली. का, ते मला कळले नव्हते.

पहिले गिऱ्हाईक पाण्याचा पंप घेऊन आले, तेव्हा कळले. बाबांनी कार्ड उलटे केले, पेन्सिलीने खर्चाचा अंदाज लिहिला आणि त्याखाली, 'शनिवारी मिळेल'.

शुक्रवारी रात्री बारापर्यंत पडवीतला दिवा जळत होता.