बाबांचा होया

बाबा गेल्यावर बडोद्याचं जुनं घर आवरलं. आई आणि बाबांच्या कुंड्या माझ्या फ्लॅटवर आल्या. त्यांत ओसरीतला होया होता. दर उन्हाळ्यात त्याला मेणात घडवल्यासारख्या गुलाबी चांदण्यांचे झुपके यायचे.

पहिल्याच रविवारी मी कात्री घेतली. पानं नसलेल्या लांबलचक दोऱ्या, फुलं गळून उरलेले बोटभर देठ, सगळं साफ केलं. नको असलेला कोड काढून टाकायची सवय, दुसरं काय!

आईनं पाहिलं. "अरे, फुलं त्या देठांवरच यायची."

खरंच होतं. होया त्याच जुन्या देठावर पुन्हा पुन्हा फुलतो, आणि त्या दोऱ्यांना पानं मागाहून फुटतात. पुढची दोन वर्षं एक कळी नाही.

ही वेल रुईच्या कुळातली, जंगलात दुसऱ्या झाडांवर चढून वाढणारी. आपल्या सह्याद्रीतही तिच्या जाती आहेत. म्हणून माती भुसभुशीत, नारळाच्या सोडणाचे तुकडे घातलेली. पाणी माती सुकल्यावरच. मोठ्या कुंडीची हौस आवरली, कारण मुळं दाटलेलीच हिला बरी. पण खरी चूक उजेडाची होती. टीव्हीशेजारची कुंडी पूर्वेच्या खिडकीत नेली.

यंदा मे महिन्यात नव्या देठावर कळ्या दिसल्या. त्या गळतील या भीतीनं कुंडी फिरवायलाही धजलो नाही.

एका रात्री ऑफिसचा कॉल चालू असतानाच वास आला. म्यूट करून उठलो, तर खिडकीपाशी आई आधीच उभी होती, दिवा न लावता.