डाव्या कडेची वाट

अफवा खोटी ठरली म्हणजे माणसाला बरें वाटतें. परंतु 2025 सालच्या जून महिन्यांत उठलेली एक अफवा खोटी ठरली तेव्हां मला चक्क थोडें वाईट वाटलें, आणि ही गोष्ट मीं आजवर घरींहि कोणाला सांगितलेली नाहीं. 15 जुलैपासून राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकींनाहि टोल द्यावा लागणार, अशी ती अफवा होती. आमच्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या खोलींत त्या दिवशीं दुसरा विषय नव्हता. मोटारसायकलवरून दूरदूरचे प्रवास करण्याचें व्यसन जडलेला असा तेथें मी एकटाच. त्यामुळें घरांत कोणी आजारी असावें तशा सहानुभूतीनें सारे माझी विचारपूस करीत होते. "सर, आतां तुमच्या गाडीच्याहि कपाळीं टिळा लागणार!" असें एक तरुण सहकारी म्हणाला. मोटारसायकलला कपाळच नसतें, हें मीं त्याच्या नजरेस आणून दिलें. पुढें 26 जूनला रस्तेवाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनीं असा कांहींहि विचार नसल्याचा निर्वाळा दिला, आणि ती सहानुभूति जशी आली तशी ओसरली. दोघातिघांनीं माझें अभिनंदनहि केलें. मीं तें हंसून स्वीकारलें. पण मनांत कोठें तरी किंचित् विरस झाला होता.

पैसे वांचल्याचें दुःख करणारा प्राध्यापक वाचकांना विक्षिप्त वाटेल. म्हणून थोडा खुलासा केला पाहिजे.

आमचें बुलढाणें डोंगरमाथ्यावर वसलेलें आहे. राजूरचा घाट उतरून मलकापूरच्या बाजूला गेलें, कीं ज्याला आम्ही वर्षानुवर्षें 6 नंबरचा म्हणत आलों आणि ज्याचा क्रमांक आतां 53 झाला आहे, तो महामार्ग लागतो. अशा कोणत्याहि मोठ्या रस्त्यानें चार-सहा तास चालत राहिलें म्हणजे टोलनाका हा यायचाच. मोटारी आणि मालमोटारी आपापल्या रांगेंत शिरतात, आणि आम्ही दुचाकीवाले अगदीं डाव्या कडेला वळतों. तेथें आमच्यासाठीं म्हणून एक अरुंद वाट ठेवलेली असते. कधीं तींत वाळू सांडलेली असते, कधीं पाणी सांचलेलें असतें, कधीं एखादें कुत्रें ऐन मध्यावर निजलेलें असतें. त्या वाटेवर आडवा दांडा नसतो, खिडकी नसते, दिवा नसतो. कोणी थांबवीत नाहीं. कोणी पाहातहि नाहीं. हजार मैलांच्या प्रवासाला निघालेला मनुष्य असो, कीं शेजारच्या गांवीं दूध घालून परतणारा असो, नाक्याच्या वहींत दोघांची नोंद सारखीच, म्हणजे मुळींच नाहीं!

महामार्गाच्या शुल्काचे जे नियम 2008 सालीं झाले, त्यांत दुचाकी, ट्रॅक्टर आणि जनावरांनीं ओढावयाचीं वाहनें यांना माफी दिलेली आहे. बैलगाडीच्या पंक्तीला बसण्यांत मला कमीपणा वाटत नाहीं. माझ्या आजोबांची सारी हयात तिच्यांतच गेली. परंतु माफी माफींतहि फरक असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नदीच्या उतारावर द्यावयाच्या शुल्काचा विचार आहे. ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रोगी, राजाचा जासूद आणि गर्भवती स्त्री यांना तेथें फुकट पलीकडे जातां येई. पण त्यासाठीं नावाध्यक्षाची मुद्रा जवळ असावी लागे. म्हणजे फुकट जाणाऱ्यालाहि कोणी तरी आधीं पाहिलेलें असे, त्याचें म्हातारपण किंवा आजारपण कोणी तरी मान्य केलेलें असे. आमची माफी तशी नाहीं. ती चाळणींतून पडणाऱ्या कोंड्याला मिळणारी माफी आहे.

मी टोल भरला आहे, आणि तोहि मोटारसायकलवर बसून. 2015 च्या फेब्रुवारींत मी आणि माझी पत्नी बऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत आग्र्यास गेलों, आणि तेथून दिल्लीच्या वाटेवर यमुना द्रुतगति मार्गानें निघालों. 2012 मध्यें खुल्या झालेल्या त्या 165 किलोमीटरांच्या रस्त्यावर दुचाकीला टोल पडतो, हें मला ठाऊक होतें. परंतु ठाऊक असणें वेगळें आणि तयार असणें वेगळें. खिडकीपुढें गाडी उभी केली. दोन्ही हातांत थंडीचे जाड मोजे. पाकीट विजारीच्या खिशांत, विजारीवर लांब जाकीट, जाकिटाची सांखळी गळ्यापर्यंत ओढलेली. एका पायावर गाडीचा तोल सांभाळावा, दांतांनीं मोजा ओढावा, सांखळी उघडावी, पाकीट काढावें, तोंच मागच्या मोटारीचा भोंगा सुरू! मनुष्याला दोनच हात कां दिले असावेत, असा प्रश्न मला आयुष्यांत प्रथमच पडला.

इतक्यांत माझ्या खांद्यावरून एक हात पुढें झाला, आणि त्यांत मोजून ठेवलेले पैसे होते. माझ्या पत्नीजवळ तिच्या आईनें दिलेला एक खणाचा बटवा आहे. आग्र्याहून निघतांनाच तिनें त्यांत सुटे पैसे घालून तो कमरेला खोंचला होता. खिडकींतल्या म्हाताऱ्यानें पैसे घेतले, माझ्याकडे ढुंकूनहि न पाहतां तिला विचारलें, "कहां से आयीं, माताजी?" "बुलढाणा," ती म्हणाली. त्याला अर्थातच बोध झाला नाहीं. "महाराष्ट्र," असें तिनें सांगितल्यावर त्यानें एकवार आमच्या धुळीनें माखलेल्या गाडीकडे पाहिलें आणि पावती देतांना "संभल के जाइये" म्हणून सांगितलें. ती पावती तिनें बटव्यांत घडी करून ठेवली. त्या प्रवासांतला ताजमहाल मला आतां पुसटसा आठवतो. ती खिडकी लख्ख आठवते.

डिकन्सच्या 'पिकविक'मधील म्हाताऱ्या वेलरचें असें मत आहे, कीं आयुष्यांत निराश झालेलीं माणसेंच नाकेदार होतात. जगाचा सूड घ्यावा म्हणून तीं वाटसरांकडून पैसे उकळतात. वेलर घोड्यांची गाडी हांकीत असे, तेव्हां त्याचें मत पूर्वग्रहदूषित असणें साहजिक आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटांत एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळीं घाट चढून आलेले व्यापारी त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें लोक सांगतात. मी तो पाहिला तेव्हां मला रांजणापेक्षां त्याच्यापाशीं बसत असेल त्या माणसाचेंच कुतूहल अधिक वाटलें. कोकणांतून कोण आलें, काय घेऊन आलें, पाऊस कोठवर आला, हें साऱ्या घाटमाथ्यावर त्याला सर्वांआधीं कळत असेल.

आतां त्या माणसाची गरज उरली नाहीं. 2021 च्या फेब्रुवारीच्या मध्यापासून फास्टॅग सक्तीचा झाला. मोटारीच्या काचेवर एक चिकटपट्टी असते, नाक्यावरचें यंत्र रेडिओलहरींनीं ती वाचतें, आणि धन्याच्या खात्यांतून रक्कम वजा होते. सोय मोठी आहे, हें मी नाकारीत नाहीं. सुट्या पैशांची हुज्जत गेली, बाकीच्या ऐवजीं हातावर ठेवल्या जाणाऱ्या गोळ्याहि गेल्या. दुचाकीला मात्र असा टॅग मिळतच नाहीं. ती बसवितां येत नाहीं असें मुळींच नव्हे. सिंगापुरांत 1998 पासून मोटारसायकलींवरहि तसलें यंत्र बसविलेलें असतें, आणि मोटारीच्या निम्म्यानें त्यांचें शुल्क आपोआप कापलें जातें. तेथला मोटारसायकलवाला पैसे देतो आणि मधल्या रस्त्यानें जातो. मी पैसे देत नाहीं आणि कुत्र्याला वळसा घालून जातों.

आणि आमच्या जिल्ह्यांतून आतां असा एक रस्ता गेला आहे, कीं जेथें वळसा घालूनहि मला जातां येत नाहीं. नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा या भागांतून जातो. नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजीं सुरू झाला आणि शेवटचा 5 जून 2025 रोजीं. आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांत गेल्या. परंतु त्याच शेतकऱ्याला आपल्या दुचाकीवरून त्यावर पाऊल टाकण्याची मनाई आहे. प्रथम ऐकलें तेव्हां मी रागावलों होतों. पण 1 जुलै 2023 च्या पहांटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथें खासगी बस पेटून 25 माणसें जळून गेलीं, त्यानंतर तो राग मला धड धरतां आला नाहीं. जेथें ताशीं 120 किलोमीटरांनीं मोटारी धांवतात, तेथें माझ्या वयाच्या माणसानें आणि माझ्या वयाला शोभेशा त्या गाडीनें नसावें हेंच बरें.

माझा मुलगा मुंबईस असतो. 2025 च्या दिवाळींत तो आपली मोटार घेऊन आला आणि परततांना आम्हां दोघांनाहि घेऊन गेला. मेहकरपाशीं आम्ही समृद्धीवर चढलों. या रस्त्यावर जितकें अंतर जावें तितका आकार पडतो आणि तो उतरतांना कापला जातो. आरंभीं मोटारीला तो किलोमीटरमागें 1 रुपया 73 पैसे होता. दुपार कलतां कलतां आम्ही दुसऱ्या टोंकाला नाक्यापाशीं आलों. दांडा वर गेला, मुलाचा मोबाईल किणकिणला आणि गाडी पुढें निघालीहि. मी सहज मागें वळून पाहिलें. माझ्या पत्नीच्या मांडीवर बटवा होता आणि त्याची दोरी तिनें सैल केली होती.

मुलानेंहि आरशांतून तें पाहिलें. "आई, पैसे केव्हांच गेले," तो हंसून म्हणाला.

"कोणाला दिले?"

"कोणाला म्हणजे? खात्यांतून कापले गेले."

तिनें कांहीं न बोलतां दोरी ओढून घेतली. रात्रीं जेवणाच्या वेळीं मुलानें हळूच विषय काढला: "बाबा, आतां आईचे गुडघे पाहतां ती मोटारसायकल विकून टाका. घेणारा मीं पाहून ठेवला आहे." त्याचें म्हणणें रास्त होतें. दोन वर्षांपासून तिला जिने चढवत नाहींत, आणि मीहि पन्नाशी ओलांडून बराच पुढें आलों आहें. मीं तिच्याकडे पाहिलें, तशी ती भात वाढतां वाढतां म्हणाली, "गुडघे चालतांना दुखतात. बसायला काय होतें?"

तो घेणारा एकदां येऊन गाडी पाहून गेला. किंमत त्याला पटली. मला अजून पटावयाची आहे. मधल्या एका रविवारीं आम्ही दोघें तिच्यावरूनच लोणारला गेलों. मेहकर सोडल्यावर वाटेंत समृद्धी आडवी येते. तिच्यावरून मोटारी सूं सूं करीत जात होत्या. आम्ही आपल्या वाटेनें ती ओलांडली आणि थोडें पुढें एका टपरीवर चहासाठीं थांबलों. मी हातमोजे काढूं लागलों.

"राहूं द्या, अहो," ती म्हणाली, आणि तिनें बटवा सोडला.