हाताखालची माणसं

लातूरच्या एका वाणिज्य महाविद्यालयात मी बीबीएच्या मुलांना व्यवसाय कायदा शिकवते. अभ्यासक्रमात मानाचं पान करार कायद्याला आहे. त्यामागून वस्तू विक्री, भागीदारी आणि कंपनी कायदा येतो. अपकृत्य (करार नसतानाही भरून द्यावं लागणारं नुकसान), एजन्सी आणि नोकरीचा कायदा ही प्रकरणं सत्र संपता संपता उरकायची असतात, आणि मुलंही ती बिनधास्त ऑप्शनला टाकतात. मी मात्र सत्राची सुरुवात त्यांच्यापासूनच करते. धंदा करणारा माणूस स्वतःच्या हाताने फार थोडं करतो. माल दुसरा आणतो, गाडी तिसरा चालवतो, वसुलीला चौथा जातो. त्यांच्या हातून काही बिघडलं, किंवा त्यांचंच काही बिघडलं, तर भरून कोणी द्यायचं? ही तिन्ही प्रकरणं याच प्रश्नाची आहेत.

शिकवायला लागण्याआधी मी काही वर्षं वकिली केली. कामं बहुतेक अपघाताच्या भरपाईची आणि कामगारांची. वर्गात एकाच बाकावर आडत्याचा मुलगा, डाळमिलवाल्याची मुलगी आणि मार्केट यार्डातल्या हमालाचा मुलगा बसलेले दिसले, की मला कोर्टाचा व्हरांडा आठवतो. तिथेही हीच माणसं असायची, पण समोरासमोर.

एजन्सी शिकवायला लातूरसारखं गाव नाही. सोयाबीन आणि तुरीच्या या बाजारपेठेत आडत्या कोण, हे कुणाला सांगावं लागत नाही. मी फळ्यावर एवढंच लिहिते: आडत्या कुणाचा एजंट? आडत्यांची मुलं लगेच म्हणतात, शेतकऱ्याचा. एकदा औशाकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आमचा असता तर भाव पाडल्यावर आमच्याकडून बोलला असता की." वर्ग गप्प झाला. मग आम्ही १८७२ चा करार कायदा उघडला. कलम १८२ प्रमाणे दुसऱ्याच्या वतीने काम करायला किंवा तिसऱ्याशी व्यवहार करताना त्याचं प्रतिनिधित्व करायला नेमलेला तो एजंट. माल शेतकऱ्याचा आणि तो विकायचं काम आडत्याकडे, म्हणजे मालक शेतकरीच. २०१६ मध्ये आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला, तेव्हापासून मुलांचा गोंधळ वाढला आहे: पैसे देणारा तोच मालक ना? तसं नाही. एजन्सी उभी राहायला मोबदला लागतच नाही, असं कलम १८५ म्हणतं. कमिशन कुणाच्या खिशातून येतं यावर निष्ठा कुणाशी हे ठरत नाही.

पुढची कलमं वाचताना शेतकऱ्यांच्या मुलांचे कान टवकारतात. मालकाने मागितला की हिशोब द्यायलाच हवा, हे कलम २१३. हिशोबपट्टी ही आडत्याची मेहरबानी नाही, ते त्याचं कर्तव्य आहे. आणि २१५, २१६: एजंटाने मालकाला न सांगता तोच माल दुसऱ्याच्या नावावर स्वतःच घेतला, तर त्यात झालेला फायदा मालक मागू शकतो, काही परिस्थितीत सौदाही नाकारू शकतो. रुमालाखाली बोटं धरून होणारे सौदे या मुलांच्या आजोबांनी पाहिले आहेत. त्या रुमालाखाली काय ठरलं हे शेतकऱ्याला कळायचं नाही. ही दोन कलमं तेव्हाही पुस्तकात होती. ती यार्डात कुणी वाचून दाखवली नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

आडत्यांच्या मुलांनाही हा कायदा लागतो. एका मुलीच्या वडिलांच्या पेढीवर जुने मुनीम होते. काही बिनसलं आणि ते गेले. वडिलांनी घरात सांगितलं, दुकानात सांगितलं, पण बारदाना पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला कळवायचं राहिलं. मुनीमजींनी नेहमीप्रमाणे पेढीच्या नावावर उधारीने बारदाना उचलला आणि बिल पेढीवर आलं. मुलगी बिल घेऊनच माझ्याकडे आली. "मॅडम, ते तर तेव्हा आमचे नव्हतेच." मी तिला कलम २०८ दाखवलं. एजंटाचा अधिकार संपला, तरी तिऱ्हाइतापुरता तो त्याला ते कळल्यावरच संपतो. व्यापाऱ्याने वर्षानुवर्षं त्याच माणसाच्या शब्दावर माल दिला होता, त्याला दोष कसा देणार? वडिलांनी पैसे भरले. तेव्हापासून माझ्या वर्गात प्रत्येकाला एक पत्र लिहावं लागतं: अमुक गृहस्थ अमुक तारखेपासून आमच्या पेढीच्या कामावर नाहीत, त्यांच्याशी आमच्या नावाने व्यवहार करू नये. चार ओळींचं पत्र असतं, पण परीक्षेतल्या व्याख्यांपेक्षा ते मला मोलाचं वाटतं.

अपकृत्याच्या प्रकरणात पुस्तकं स्कॉटलंडमधल्या जिंजर बिअरच्या बाटलीतल्या गोगलगाईपासून सुरू होतात. १९३२ चा तो निकाल मोठा आहे, ग्राहकाशी करार नसतानाही उत्पादकावर काळजी घेण्याची जबाबदारी टाकणारा. मी तो लवकर आटपते आणि नागपूर-पांढुर्णा रस्त्यावर येते. १९६० साली तिथे एका जिनिंग कंपनीच्या मॅनेजरने चालवलेली कंपनीची गाडी झाडावर आदळली आणि सोबतच्या गृहस्थाचा जीव गेला. कंपनीचं म्हणणं असं, की ते प्रवासी आमच्या कामासाठी गाडीत नव्हते. उच्च न्यायालयाने ते मानलं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मानलं नाही: गाडी कंपनीची, चालवणारा कंपनीचा मॅनेजर, तो कंपनीच्याच कामावर होता, तेव्हा त्याच्या निष्काळजीपणाची भरपाई कंपनीने द्यावी. ट्रान्सपोर्टवाल्यांची मुलं विचारतात, "ड्रायव्हरने परस्पर कुणाला बसवलं तरी?" मग मी दुसरं टोक दाखवते. १९६६ च्या एका निकालात टॅक्सीच्या ड्रायव्हरने गाडी क्लीनरच्या हाती दिली. क्लीनर लायसन्सची चाचणी देत होता आणि त्यात अपघात झाला. मालकाच्या धंद्याशी त्या चाचणीचा संबंध नव्हता, म्हणून मालक सुटला. या दोन टोकांमध्ये कामाच्या ओघाची रेघ कुठे ओढायची, यावर तास कसा संपतो कळत नाही.

याच चर्चेत एकदा शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "माझे वडील पतसंस्थेची पिग्मी गोळा करतात. ते नोकर की एजंट?" वडील सकाळ-संध्याकाळ सायकलवर गंजगोलाईतल्या दुकानादुकानांतून फिरतात, पावत्या फाडतात. पगार नाही, कमिशन मिळतं. मी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला.

पिग्मी १९२८ साली उडुपीच्या बाजूला सुरू झाली. रोज दोन आणे उंबऱ्यावर येऊन जमा करायची ती योजना पुढे देशभर पोचली, आणि ती पोचवली या फिरणाऱ्या माणसांनी. त्यांच्या करारात ते कमिशन एजंट असतात. बँकांचं म्हणणं होतं, ही आमची माणसंच नाहीत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की बँकांचे हे ठेव गोळा करणारे लोक औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार आहेत आणि त्यांचं कमिशन हे कामाच्या प्रमाणात मिळणारं वेतनच आहे. मी हे सांगताना ती मुलगी लिहून घेत नव्हती, नुसती बघत होती. वडिलांच्या पतसंस्थेला तो निकाल कितपत लागू पडेल, हे त्यांची कागदपत्रं पाहून सांगावं लागेल, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. वकिलाने आशा दाखवताना काळजी घ्यायला हवी.

त्याच तासाला मी १९७८ चा स्टेट बँकेचा निकाल जोडला. अलाहाबादच्या एका गृहस्थांनी ओळखीच्या, शेजारी राहणाऱ्या बँक कर्मचाऱ्याच्या हाती बायकोच्या खात्यात भरायला पैसे आणि चेक दिले. पावती घेतली नाही. त्याने पैसे खाल्ले. बँक जबाबदार नाही, असं न्यायालय म्हणालं: पैसे घेताना तो बँकेचं काम करत नव्हता, त्या खातेदारांचंच काम करत होता. एका ठिकाणी करारात एजंट म्हटलेला माणूस कामगार ठरतो, दुसऱ्या ठिकाणी बँकेचा पगारी नोकर त्या व्यवहारापुरता ग्राहकाचा एजंट ठरतो. कायदा कागदावरचं पद बघत बसत नाही. त्या घडीला तो कुणाचं काम करत होता, कुणाच्या सांगण्यावरून, हे तो बघतो.

आता डाळमिलची गोष्ट. वकिली करत होते तेव्हाची. एका मिलमध्ये पट्ट्यात हात जाऊन एका तिशीतल्या कामगाराची चार बोटं गेली. मालक दवाखान्यात गेले, बिल भरलं, घरी पन्नास हजार पोचते केले आणि शंभराच्या स्टॅम्पवर सही घेतली: यापुढे माझं काही म्हणणं नाही. मालक वाईट नव्हते. आपण माणुसकी दाखवली असं त्यांना मनापासून वाटत होतं. तक्रार आल्यावर ते दोन गोष्टी म्हणाले. एक, तो माझा माणूसच नाही, मुकादमाने आणला होता. दोन, हात त्यानेच घातला.

या दोन्ही गोष्टींची उत्तरं १९२३ च्या भरपाई कायद्यात होती. कलम १२: धंद्याचं नेहमीचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं, तरी भरपाई मुख्य मालकाने द्यायची, मग ती ठेकेदाराकडून वसूल करायला तो मोकळा. निष्काळजीपणाची तर गोष्टच वेगळी. १८३७ साली इंग्लंडमध्ये खाटकाच्या जास्त भरलेल्या गाडीवरून पडून जखमी झालेल्या नोकराला न्यायालयाने परत पाठवलं होतं: सोबतच्या नोकराच्या चुकीचा धोका तू कामाबरोबरच पत्करला आहेस. अपकृत्याच्या वाटेने गेलं की कामगाराला अशा भिंती लागायच्या. भरपाईच्या कायद्याने ही वाटच बदलली. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगाराचा निव्वळ हलगर्जीपणा हा बचाव होत नाही. दारू पिऊन काम केलं किंवा मुद्दाम सुरक्षेचा नियम मोडला, तर बचाव उभा राहतो, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तोही चालत नाही. आणि त्या स्टॅम्पचं काय? कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल. त्या मिलला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू नव्हता, म्हणून हा दावा कामगार भरपाई आयुक्तांपुढे चालला आणि रक्कम मिळाली.

हा हिशोब मी दरवर्षी फळ्यावर मांडते. एका हाताची चार बोटं गेली तर परिशिष्टात कमाईची क्षमता ५० टक्के गेली असं धरतात. २०२० पासूनची १५ हजारांची वेतनमर्यादा, त्याचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. तीस वर्षांच्या वयाचा गुणांक २०७.९८. गुणाकार १८ लाख ७१ हजार ८२० रुपये, त्याचा निम्मा ९ लाख ३५ हजार ९१०. आकडा लिहून झाला की वर्गात कुणीतरी 'पन्नास हजार' असं पुटपुटतंच. टक्का परिशिष्टातलाच धरायचा असंही नाही. कोपराच्या वर डावा हात कापावा लागलेल्या एका सुताराला १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के अपंग धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

कामाची हद्द फाटकापाशी संपते का, हा प्रश्नही आमच्याच भागातून दिल्लीपर्यंत गेला. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखाना पाच-एक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली: वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळत असेल तर घर ते कारखाना हा प्रवासही नोकरीच्या ओघातलाच. मुंबईत ड्युटी संपवून बेस्टच्याच बसने घरी जाताना अपघात झालेल्या ड्रायव्हरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच ही दिशा धरली होती. पण बावीस वर्षं त्या वॉचमनचं घर थांबलं, हे मला मुलांना सांगावंच लागतं. निकालाची तारीख शिकवायची तर अपघाताचीही शिकवायला हवी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आणि येण्याजाण्याच्या अपघाताची तरतूद तिच्यात स्पष्ट शब्दांत आहे. ॲपवरून काम करणाऱ्यांची, म्हणजे गिग कामगारांची व्याख्याही तिच्यात आली. कंपन्यांनी त्यांच्या सुरक्षेसाठी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे. माझ्या वर्गातली काही मुलं संध्याकाळी जेवणाचे डबे पोचवतात. कंपनी त्यांना पार्टनर म्हणते. नफ्यात वाटा नसलेला, दर ठरवण्यात शब्द नसलेला हा कसला पार्टनर? सामाजिक सुरक्षेत त्यांचं नाव आलं हे चांगलं झालं, पण रस्त्यावर पाय मोडला तर डाळमिलच्या कामगारासारखा सरळ हक्क त्यांना अजून मिळालेला नाही. माझ्या मते तो मिळायला हवा, कारण धोका तोच आहे आणि त्यातून कमाई करणारा मालकही समोर दिसतो आहे.

या वर्गातली निम्मी मुलं उद्या कुणाला तरी कामावर ठेवतील आणि निम्मी कुणाच्या तरी कामावर जातील. पहिल्यांना मी सांगते, मुकादमाच्या आड उभे राहू नका, विमा काढा, कामावरून गेलेल्या माणसाची खबर बाजारात लेखी द्या. दुसऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगते: कामावर हात, पाय किंवा जीव गेला तर दोन वर्षांच्या आत भरपाईचा अर्ज करा, आणि त्याआधी कुठल्याही स्टॅम्पवर सही करू नका. आधीच केली असेल, तरीही अर्ज करा.