वरवरचे

मराठी भाषेने कातडीला न्याय दिला नाही, असे मला फार दिवस वाटत आले आहे. भित्रा तो कातडीबचाऊ, निर्लज्जाची ती गेंड्याची कातडी, आणि खोट्या प्रेमाला 'वरवरचे' हा शब्द तर ठेवलेलाच! कौतुक सारे काळजाचे. बाहेरच्या पांघरुणाची आठवण दिवाळीत, उटण्यापुरती.

हे पांघरूणच वाचण्यात एका जर्मन डॉक्टरांनी जन्म वेचला. त्यांचे नाव पाउल गेर्सन उन्ना. जन्म हॅम्बुर्गचा, १८५० सालचा. कातडीचा पापुद्र्याएवढा काप घ्यायचा, त्याला रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक थर पाहायचा, हा त्यांचा नाद. पुरळ दिसते वर, पण त्याचे घर कोणत्या थरात? या शोधातून १८९४ साली त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. आणि हे सारे विद्यापीठाच्या आश्रयावाचून, स्वतःच्या खासगी रुग्णालयात! हॅम्बुर्गला विद्यापीठच निघाले ते १९१९ साली. तेथे ते प्राध्यापक झाले तेव्हा स्वारी सत्तरीला टेकली होती.

असल्या ग्रंथाच्या वाटेला मी कशाला जातो! माझी ओळख झाली ती आईच्या पायामुळे. फुगलेल्या शिरांमुळे तिच्या घोट्याजवळ जखम झाली होती, ती भरता भरेना. वेदनेपेक्षा तिला लाज अधिक. हळदीकुंकवाला जाणे तिने सोडले होते. कोणी आले की साडीचा घोळ पुढे ओढून बसायची. शेवटी डॉक्टरांनी जस्ताच्या मलमाची पट्टी पावलापासून गुडघ्यापर्यंत घट्ट गुंडाळली. म्हणाले, "हा उन्नाचा बूट." पट्टीच्या दाबाने पायात साचणारे रक्त वर सरकते आणि जखमेला भरायला सवड मिळते.

"या वयात विलायती बूट!" आई म्हणाली. पण संक्रांतीला ती वाण घेऊन बाहेर पडली.

पुढे कळले, आमच्या कपाटातल्या निळ्या डबीशीही याच गृहस्थांचे नाते आहे. लिफ्शुट्झ या रसायनज्ञाने लोकरीच्या चरबीतून तेल-पाणी एकजीव करणारा पदार्थ काढला होता. उन्नांनी त्यांची गाठ कारखानदार ट्रोप्लोविट्झ यांच्याशी घालून दिली आणि १९११ मध्ये निव्हिया जन्मली. उन्ना १९२९ साली वारले. डबी घरोघर पोचली, नाव मात्र मागे राहिले.

हल्ली वर्गात एखादा विद्यार्थी कवितेला 'वरवरची' म्हणाला, की मी त्याला आधी तिचे थर मोजायला सांगतो.