पायांखालचे कंप

दीर्घ आजारातून उठल्यावर तक्तपोशीच्या या घरात गायिका केसरबाईंची तबकडी लावली, तेव्हा रस्त्यावरच्या मालमोटारीचा हादरा केसाएवढ्या खोबणीत फिरणाऱ्या सुईपर्यंत पोहोचून षड्ज गढूळ करून गेला. बंदोबस्त म्हणून सायकलच्या अर्धवट फुगवलेल्या ट्यूबवर शहाबादी फरशी ठेवून तीवर यंत्र मांडले. कारण आधार जितका मृदू आणि भार जितका जड, तितकी त्यांची स्वाभाविक कंपनसंख्या खाली उतरते, आणि तिच्या सुमारे १.४ पटीच्या वरचेच कंप वाटेत अडतात. पावलांचे संथ हादरे अजूनही शिरतात. त्यांना दगडी भिंतीतली फळीच हवी. आजारात माझ्याही मनाला प्रत्येक चाहूल अशीच लागे; तरी आईची पावले सुईला कळू नयेत, अशी तजवीज करण्यास हात धजावत नाही.