तंजावर, पाणी आल्यावर

इंग्लंडच्या ग्रामीण भागात जुनी बाजाराची गावं आहेत. कधीकाळी राजाच्या सनदेनं आठवडी बाजाराचा हक्क मिळालेली, आसपासची लोकर, धान्य, गुरं जिथं विकली गेली अशी. या गावांच्या कडेला दगडी कॉटेज भाड्यानं घ्यायचं, दिवसा टेकड्या तुडवायच्या, बाजारातून पाव आणि चीज आणायचं आणि अंधार पडल्यावर मागच्या अंगणातल्या गरम पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडून बसायचं, ही तिकडची आता रुळलेली सुट्टी. तिला चैन म्हणून नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. ज्या देशात हिवाळ्यात दुपारी चारला अंधारतं, तिथं चाळीस अंशांचं पाणी आणि अंगावर येणारी गार हवा ही जोडी त्या मातीतलीच आहे. तिथल्या माणसानं आपल्या हवेला साजेशी विश्रांती शोधली आणि ती शहरात न शोधता लहान गावात शोधली. माझं म्हणणं एवढंच, की तीच सुट्टी तंजावरला काढायची तर टब उचलून आणून चालणार नाही. तंजावरची विश्रांतीही पाण्यातच आहे, पण ते पाणी खोलीबाहेर आहे आणि सगळ्यांचं आहे.

मराठी प्रवासी तंजावरला बहुधा अर्धा दिवस देतो. रामेश्वर आणि मदुराई यांच्या यादीत ते मधलं गाव असतं. 1010 साली पुरं झालेलं राजराज चोळाचं बृहदीश्वर मंदिर, मंदिराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास, राजवाडा, दरबार महाल, सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी कागदपत्रं, एवढं पाहून बस पुढे निघते. पाहण्यासारखं हे सगळं आहेच. पण या अर्ध्या दिवसात तंजावरचं पाणी दिसत नाही, आणि पाणी दिसलं नाही तर हे गाव इथं का वसलं, इतकं श्रीमंत का झालं आणि व्यंकोजीराजांचं घराणं दूरदेशी येऊन पावणेदोनशे वर्षांवर टिकलं कशाच्या बळावर, हे काहीच कळत नाही. तंजावर हेही बाजाराचंच गाव आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या भाताचा हा बाजार.

म्हणून मंदिरातून बाहेर पडल्यावर वाहनतळाकडे न वळता पायी निघावं. मंदिराला लागूनच शिवगंगा तळं आहे. या तळ्यात पावसाचं पाणी साठवायचं आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी वाड्याकडे, गावातल्या विहिरींकडे न्यायचं, अशी जुनी सोय होती. तळ्याच्या पूर्वेला 1779 साली बांधलेलं श्वार्ट्झ यांचं चर्च आहे. सरफोजीराजांच्या या गुरूचं संगमरवरी शिल्प लंडनच्या जॉन फ्लॅक्समननं घडवलं, तेही तिथंच आहे. मंदिराच्या दुसऱ्या अंगानं कालवा वाहतो. तो 1934 सालचा, मेट्टूर धरणाच्या जोडीचा. गावकरी अजून त्याला ‘पुदु आरु’ म्हणजे नवी नदी म्हणतात. चोळांचं देऊळ, नायकांचं आणि मराठ्यांचं तळं, मिशनऱ्याचं चर्च, इंग्रजी अमदानीतला कालवा, सारं पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्यात, आणि प्रत्येकाचं नातं पाण्याशी. इतक्या थोड्या जागेत इतका इतिहास पाण्याभोवती गोळा झालेली गावं मला फारशी माहीत नाहीत.

दुसरा दिवस तिरुवैयारला द्यावा. अंतर सुमारे तेरा किलोमीटर, पण या तेरा किलोमीटरमध्ये वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात. गावाचं नावच ‘पूज्य पाच नद्या’ अशा अर्थाचं. नद्यांच्या मधल्या पट्ट्यांत भात आणि केळी, रस्त्यावर नारळांची सावली. त्यागराजांची समाधी इथं कावेरीच्या काठी आहे आणि जवळच पुष्यमंडपाचा घाट. तमिळमध्ये घाटाला पडित्तुरै म्हणतात, म्हणजे पायऱ्यांचा पाणवठा. पायऱ्या पाण्यात कुठवर उतरतात ते दिसत नाही. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे दोन-तीन ऑगस्टच्या सुमारास, या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. आडी पेरुक्कु हा नदीला पाणी चढल्याचा सण. बायका केळीच्या पानावर हळदकुंकू, काळे मणी, फळं, गुळात कालवलेले तांदूळ मांडतात, पूजा करून पाण्यात सोडतात आणि पिवळा दोरा एकमेकींच्या गळ्यात बांधतात. पोरं लाकडाचे छोटे रथ दोरीनं ओढत घाटावर आणतात. मराठी बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. ही नदीची ओटीच आहे.

गरम पाण्याचं सुख आपल्याला परकं आहे असंही कुणी समजू नये. तांब्याचा बंब, त्यात धुमसणारे निखारे, घंगाळात ओतलेलं वाफाळतं पाणी, आधी अंगाला तेल आणि मग उटणं, हे आपल्या आजीपणजीच्या न्हाणीघरात होतं. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे इथं जमिनीतून आलेल्या ऊन पाण्यात माणसं पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. तमिळ घरांतही शनिवारी पुरुषांचं, मंगळवारी-शुक्रवारी बायकांचं तेलाचं न्हाणं असतं, शिकेकाईसकट. दीपावलीच्या पहाटे अभ्यंग झालं, की तिकडे एकमेकांना विचारतात, ‘गंगास्नानम् आच्चा?’ म्हणजे गंगास्नान झालं का? पाणी घरातल्या हंड्यातलं, पण नाव गंगेचं. एकट्यानं केलेल्या आंघोळीलाही सगळ्यांच्या नदीशी जोडून घेण्याची ही जी तऱ्हा आहे, तिच्यातच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे.

आता तिसरा मुक्काम, आणि मराठी माणसानं तो चुकवू नये. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्यानं दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. इथं दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळ या आपल्या प्रियेच्या नावानं छत्र बांधलं. छत्र म्हणजे प्रवाशाची उतरायची आणि जेवायची जागा. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या मराठी राजांनी अशी छत्रं ओळीनं उभी केली. 1799 च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, तेव्हा 1801 साली सरफोजीराजांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिनला एक पत्र लिहिलं. छत्रांना लावून दिलेली गावं काढून घेऊ नका, ही त्यात विनवणी आहे आणि छत्रात काय चालतं याचा तपशील आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सगळ्या वाटसरूंना, जोगी-जंगम-बैराग्यांना शिजलेला भात. ज्याला शिजलेलं नको त्याला शिधा आणि मसाला. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत. मग घंटा वाजायची आणि जे जेवले नसतील त्यांनी यावं असं पुकारलं जायचं. वाटेत आजारी पडलेल्याला बरं होईपर्यंत औषध आणि पथ्याचं जेवण. राज्य गेलेला राजा अन्नछत्रासाठी लिहितो, ही गोष्ट मला तंजावरच्या सगळ्या राजेशाही वैभवापेक्षा मोठी वाटते. पाहुणचार म्हणजे मध्यरात्री वाजणारी घंटा, हे मोजमाप हाताशी असलं की आजच्या मुक्कामाच्या जागांकडे वेगळ्या नजरेनं पाहता येतं.

यावर आक्षेप येतील आणि ते खरे आहेत. पहिला पाण्याच्या हिशेबाचा. चार-सहा जणांच्या टबात हजार-दीड हजार लिटर पाणी मावतं. एक किलो तांदळामागे साधारण अडीच हजार लिटर लागतं असं धरतात. म्हणजे एक टब भरायला गेलं ते पाणी अर्धा किलो तांदळाचं. कावेरीचं पाणी दोन राज्यांत किती वर्षं पेटलंय हे ठाऊक असलेल्या माणसानं टबावर दात धरावा, तर हिशेब त्याच्या विरुद्ध जातो. हे मी मान्य करतो. माझा मुद्दा लिटरांचा नाहीच. दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. नदी घाण आहे. नोय्यल या उपनदीतून येणारं रंगकामाचं पाणी, वाटेतल्या शहरांचं सांडपाणी, घाटावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या, हे सगळं खरं. बाईमाणसाला कपडे बदलायला आडोसा नाही, हेही खरं. कालव्याला ओढ इतकी असते, की नवख्यानं त्यात उतरूच नये. मग टब बरा नाही का? टबही आपोआप स्वच्छ राहत नाही. वीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान लिजिओनेला जंतू फोफावतो, म्हणून इंग्लंडमध्ये भाड्याच्या टबातलं पाणी तपासण्याचे कडक नियम आहेत. पण खरं उत्तर वेगळं आहे. ज्याची आंघोळ खोलीतल्या टबात होते, त्याला नदीची घाण खुपत नाही. पैसे मोजणारा, तक्रार करू शकणारा, ज्याचं ऐकलं जातं असा पाहुणा घाटाकडे पाठ करून बसला, की घाटासाठी बोलायला तिथले गरीबच उरतात. पाहुण्यांनी पायऱ्यांवर बसायचं ठरवलं तर आडोसेही होतील आणि पिशव्याही उचलल्या जातील. त्यासाठी पाण्यात बुडीच मारायला हवी असं नाही. पहाटे तासभर पाय सोडून बसलं तरी पुरे.

छत्रांचे मी गोडवे गातोय असंही कुणी म्हणेल. कोण शिजलेलं घेणार आणि कोण कोरडा शिधा, यामागे शिवाशिव होतीच. तो खर्च शेवटी कुळांच्या घामातून निघत होता. यातलं काहीच परत आणायचं नाही. पण ‘कुणी उपाशी राहिलंय का’ असं मध्यरात्री विचारण्याची पद्धत टाकून देण्याजोगी नव्हती. उरला रोजगाराचा प्रश्न. नदीकाठच्या रिसॉर्टांत गावातली माणसं कामाला आहेत आणि ती राहावीत. तीन रात्री राहणारा पाहुणा पायी हिंडला तर चहाच्या टपरीलाही मिळेल, स्वामीमलैच्या मूर्तिकारालाही आणि वीणा करणाऱ्या कारागिरालाही. कुंपणाच्या आत सगळं मिळालं तर पैसाही कुंपणाच्या आतच राहतो.

इथली हवा पाहता टब तापवायची गरज डिसेंबरातही पडत नाही. रात्री पारा वीस-बावीसच्या खाली क्वचितच जातो. सांभाळायची ती वेळ. रिवाजानुसार मेट्टूरचे दरवाजे 12 जूनला उघडतात आणि 28 जानेवारीला बंद होतात. धरणात साठा नसेल त्या वर्षी तारीख पुढे जाते. फेब्रुवारी ते जून या नद्यांमध्ये बहुतेक वाळूच असते. दरवाजे उघडल्यावर पाणी कल्लणैच्या बंधाऱ्याला पोचायला तीन-चार दिवस लागतात. तिथून ते फाट्यांत सोडतात. तंजावरचं तिकीट त्यानंतरचं काढा, आणि तीन रात्रींचं काढा.